कूलरचा हंगाम, ३१ मार्च आणि सीएचा शोध

नागपुरात डेझर्ट कूलर तयार करणाऱ्यांचे वर्ष कायद्याने ३१ मार्चला संपत असले, तरी धंदा त्या दिवशी ऐन भरात आलेला असतो. दिवाळीनंतर पत्रा कापायला सुरुवात होते, जानेवारी-फेब्रुवारीत गोदाम तयार मालाने भरत जाते, होळी झाली की टेम्पो हलू लागतात आणि मे संपेपर्यंत वर्षाची जवळजवळ सगळी विक्री उरकलेली असते. त्यामुळे ज्या दिवशी हिशेब बंद करायचा, त्याच दिवशी गोदामात माल, बाजारात उधारी आणि बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यावरचा, म्हणजे मालाच्या तारणावर ठरलेल्या मर्यादेपर्यंत उचलायच्या कर्जाचा, बोजा हे तिन्ही शिगेला पोहोचलेले असतात. २०२३ सालच्या दिवाळीनंतर आम्ही नवा सीए शोधायला निघालो, तेव्हा माझ्या मनात फी, कार्यालयाचे अंतर आणि ओळखीपाळखी असेच निकष होते. शेवटी निवड झाली ती ३१ मार्चच्या साठ्याविषयीच्या एका प्रश्नावर, आणि तो प्रवास कसा झाला हे सविस्तर लिहावे असे वाटले.

हिंगणा एमआयडीसीत आमचे छोटे युनिट आहे. पती आणि दीर हे दोघे भागीदार; पती कारखाना पाहतात, दीर विक्रीसाठी फिरतात, आणि कार्यालय, बँक व देणीघेणी माझ्याकडे आहेत. उलाढाल २ कोटी ४० लाखांच्या आसपास. माल विदर्भात जातो तसाच छिंदवाडा, शिवनी, बालाघाट या मध्य प्रदेशातील गावांतही जातो. हिशेबाची व्यवस्था सासऱ्यांच्या काळापासून चालत आलेली होती. दिवाणजी टॅली या हिशेबाच्या संगणक प्रणालीत नोंदी करीत, महिन्याच्या सुरुवातीला बिलांची यादी शहरातील एका कर सल्लागाराच्या कार्यालयात पाठवीत, तिथून रिटर्न भरले जात, आणि वर्षअखेरीस ताळेबंदावर व ऑडिट अहवालावर एका सीएची सही होऊन कागद परत येत. त्या सीएंना आमच्या घरातील कोणीही कधी पाहिलेले नव्हते.

ही व्यवस्था मोडायचे कारण छिंदवाड्याहून आले. तिथल्या डीलरने एप्रिलच्या मालाचे पैसे पाठवताना जीएसटीची रक्कम रोखून धरली आणि आमचे बिल त्याच्या २बी मध्ये दिसत नसल्याचे कळवले. विक्री करणाऱ्याने जीएसटीआर-१ हे विक्रीच्या बिलांचे रिटर्न भरले की खरेदी करणाऱ्याच्या जीएसटीआर-२बी या तक्त्यात ते बिल उमटते, आणि १ जानेवारी २०२२ पासून तिथे उमटलेल्या बिलाचाच इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, घेता येतो. मासिक जीएसटीआर-१ ची मुदत पुढच्या महिन्याच्या ११ तारखेची असते; ती चुकली की बिल पुढच्या महिन्याच्या तक्त्यात ढकलले जाते. आमचे रिटर्न हंगामाच्या महिन्यांत सातत्याने उशिरा भरले जात होते, आणि विचारले की पोर्टल बंद होते असे उत्तर मिळे. पोर्टल कधीकधी बंद असते हे खरे आहे, पण ते केवळ आमच्याच बिलांच्या वेळी बंद पडावे हे पटण्यासारखे नव्हते. दिवसाला ५० रुपये विलंब शुल्काचे आम्हाला फारसे वाटले नसते. डीलर मात्र पुढच्या हंगामात दुसऱ्याकडे जाऊ शकतो, आणि ते नुकसान कोणत्याही चलनावर दिसत नाही.

सीए बदलायचा तर कधी, हा पहिला प्रश्न होता. जून ते ऑक्टोबर आम्ही मोकळे असतो, पण त्या काळात सीएंना श्वास घ्यायला फुरसत नसते. तेव्हाच्या नियमांनुसार ३१ जुलैला ऑडिट नसलेल्यांची आयकर विवरणे, ३० सप्टेंबरला टॅक्स ऑडिटचे, म्हणजे आयकरासाठीच्या हिशेबतपासणीचे, अहवाल, ३१ ऑक्टोबरला ऑडिट असलेल्यांची विवरणे अशा मुदती एकामागून एक येत. सप्टेंबरात एखाद्या सीएच्या कार्यालयात जाऊन तुम्ही आमचे काम कसे कराल असे विचारणे म्हणजे लग्नघरी आचाऱ्याला पाककृती विचारण्यासारखे आहे. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ त्यातल्या त्यात निवांत असतो, आणि तेव्हा माणूस नक्की झाला तर नवे वर्ष सुरू होण्यापूर्वी जुनी कागदपत्रे ताब्यात घ्यायलाही अवधी मिळतो. आम्ही हाच काळ धरला.

शोध सुरू करण्यापूर्वी मी आणि दिवाणजींनी आम्हाला नेमके कोणते काम करून हवे आहे ते कागदावर मांडले, आणि तेव्हा लक्षात आले की आम्ही एक माणूस शोधत असलो तरी कामे वेगवेगळ्या माणसांची आहेत. रोजच्या नोंदी, बँकेशी मेळ, उधारीच्या खतावण्या हे हिशेब लिहिणाऱ्याचे काम आहे आणि ते दिवाणजी चांगले करतात. जीएसटीची रिटर्न नोंदणीकृत जीएसटी प्रॅक्टिशनरही भरू शकतो, आणि त्याची फी सीएपेक्षा बहुधा कमी असते. टॅक्स ऑडिट मात्र प्रॅक्टिसचे प्रमाणपत्र असलेल्या सीएलाच करता येते. बँक कर्जाच्या नूतनीकरणाच्या वेळी ऑडिट केलेला ताळेबंद आणि पुढच्या वर्षाचे अंदाज मागते, म्हणजे तिथेही सीए हवाच. यातली सगळी कामे एकाच कार्यालयाकडे द्यावीत असा नियम नाही. अगदी लहान दुकानाला, ज्याची विक्री एकाच राज्यात आहे आणि ज्याच्यावर कर्ज नाही, त्याला चांगला जीएसटी प्रॅक्टिशनर आणि वर्षातून एकदा सीएचा सल्ला एवढे पुरेसे होते असे माझे मत आहे. आमचा मामला तेवढा सरळ नव्हता.

नागपुरात करविषयक जाणकारांची वाण नाही. आयकर खात्याच्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी याच शहरात आहे, आयकर अपिलीय न्यायाधिकरणाचे पीठ इथे आहे, आणि धंतोली, रामदासपेठ, धरमपेठ या भागांत फिरताना डॉक्टरांच्या खालोखाल सीएंच्याच पाट्या दिसतात. प्रश्न असा की पाटीवरून काहीच कळत नाही. सीएंना जाहिरात करण्यावर आणि स्वतःहून काम मागण्यावर तेव्हा कडक बंधने होती. ठरावीक रकमेत जीएसटी रिटर्न भरून देण्याचे जे संदेश मोबाईलवर येत असत, त्यांच्यामागे सीए असण्याची शक्यता त्यामुळेच कमी होती. म्हणून विचारपूस करूनच जावे लागते, आणि विचारायचे कोणाला हेही ठरवावे लागते.

नातेवाइकांनी सुचवलेली नावे मी सौजन्याने लिहून घेतली. त्यांपैकी बहुतेक जण नोकरदारांची विवरणे भरणारे होते. खरा उपयोग झाला तो एमआयडीसीतील आमच्याच आकाराच्या शेजाऱ्यांचा. तुमचा सीए कसा आहे, असे विचारले की प्रत्येक जण चांगला आहे असेच सांगतो. म्हणून मी प्रश्न बदलला आणि शेवटची नोटीस कधी आली, ती आल्याचे तुम्हाला कोणी सांगितले आणि उत्तर जाण्यापूर्वी ते तुम्हाला वाचायला मिळाले का, असे विचारू लागले. या प्रश्नावर काही जण विचारात पडले. फॅब्रिकेशनचे काम करणाऱ्या एका शेजाऱ्याने कपाटातून फाइल काढून दाखवली, ज्यात विक्री आणि भरलेला कर यांतील तफावतीबद्दल आलेली सूचना, तिचे उत्तर आणि उत्तराला जोडलेला तक्ता असे सगळे क्रमाने लावलेले होते. त्या फाइलवर जिचे नाव होते, त्या सीएकडेच पुढे आमचे काम गेले, पण त्याआधी इतरांनाही भेटलो.

भेटीला जाण्यापूर्वी प्रत्येकाचे नाव आणि सदस्य क्रमांक सीए संस्थेच्या संकेतस्थळावर तपासून पाहायचा, एवढा नेम मी ठेवला होता. त्याच वेळी आमच्या जुन्या ऑडिट अहवालावरचा यूडीआयएनही तपासला. सीए सही करतो त्या प्रमाणपत्रांवर व अहवालांवर हा १८ अक्षरांचा क्रमांक २०१९ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आहे आणि तो खरा आहे की नाही हे कोणालाही संस्थेच्या पोर्टलवर पाहता येते. आमचा क्रमांक खरा निघाला. म्हणजे सही बनावट नव्हती. फक्त सही करणाऱ्याने आमचे गोदाम, आमची वही आणि आम्ही, यांपैकी काहीच पाहिलेले नव्हते.

रामदासपेठेतील एका मोठ्या कार्यालयात आमचे स्वागत चांगले झाले. ज्येष्ठ भागीदारांनी थोडा वेळ दिला, मग आम्हाला एका हुशार आर्टिकल विद्यार्थ्याच्या, म्हणजे सीए होण्यासाठी उमेदवारी करणाऱ्या मुलाच्या, हवाली केले. मी विचारले की आमचे काम कोण पाहणार, तर त्याच मुलाकडे बोट गेले. मुलाबद्दल माझी काही तक्रार नाही, पण २०२३ पासून आर्टिकलशिपचा काळ तीनऐवजी दोन वर्षांचा झाला आहे, म्हणजे आमच्या धंद्याची रीत त्याला समजेपर्यंत त्याची जाण्याची वेळ येणार, आणि नव्या मुलाला पुन्हा वाळ्याच्या ताट्यांपासून समजावून सांगावे लागणार. मोठ्या कार्यालयात छोट्या ग्राहकाचे असेच होते असे मी म्हणणार नाही. तिथे आमच्यासाठी कायमचा माणूस कोण, याचे उत्तर मात्र मिळाले नाही.

तिथेच आणखी एक गोष्ट घडली. आमची उलाढाल ऐकताच आम्हाला सांगण्यात आले की आता ३ कोटींपर्यंत ऑडिटची भानगडच नाही, विक्रीच्या सहा ते आठ टक्के नफा दाखवा आणि मोकळे व्हा. ऐकायला हे फार बरे वाटते. तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम ४४एडी प्रमाणे लहान व्यावसायिकाला विक्रीच्या आठ टक्के, आणि बँकेतून किंवा डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेवर सहा टक्के नफा गृहीत धरून कर भरता येतो. त्याची मर्यादा २ कोटींची आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून ती ३ कोटी झाली, पण रोखीने आलेली रक्कम एकूण जमेच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तरच. आमच्याकडे रोख किती येते, हे त्या कार्यालयात कोणी विचारलेच नाही. एप्रिल-मे महिन्यांत गावाकडचे डीलर टेम्पो भरून नेताना रोख रक्कम हातात ठेवतात, आणि आमचा रोखीचा वाटा पाच टक्क्यांच्या वर सहज जातो. म्हणजे आम्हाला २ कोटींचीच मर्यादा, जी आम्ही ओलांडलेली. आणि त्यामुळे ऑडिटही चुकत नाही, कारण १० कोटींपर्यंत ऑडिटमधून जी सूट आहे तीही येणे आणि देणे दोन्हींत रोख पाच टक्क्यांच्या आत असेल तरच मिळते. शिवाय ४४एडी खाली भागीदारांचा मोबदला वेगळा वजा करता येत नाही, हा मुद्दा भागीदारीला फार लागतो.

महालात एका कर सल्लागाराकडे दिरांच्या ओळखीने गेलो. बोलणे गोड, चहा उत्तम. त्यांनी फी सांगितलीच नाही. जेवढा कर वाचवू त्याच्या काही टक्के द्या, असे म्हणाले. सीएंना नफ्याच्या किंवा निकालाच्या टक्केवारीवर फी घ्यायला सर्वसाधारणपणे मनाई आहे आणि ते गृहस्थ सीए नसल्याने त्यांना ती लागू नव्हती, पण मनाईमागचे कारण त्यांच्याच पुढच्या वाक्यात कळले. खरेदी थोडी कमी दिसते आहे, काही बिले बसवून घेऊ, असे ते सहज म्हणून गेले. माल न येता नुसते बिल घेऊन इनपुट क्रेडिट उचलणे हा गुन्हा आहे, आणि तो उघडकीला आला की बिल देणारी संस्था बहुधा आधीच नाहीशी झालेली असते. खात्यासमोर उभे राहावे लागते ते क्रेडिट घेणाऱ्याला. परतताना गाडीत दीर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “वहिनी, चहा मात्र फुकट होता.”

मी सगळ्यांना एक प्रश्न ठरवून विचारत होते: ३१ मार्चचा साठा ताळेबंदात कसा दाखवायचा? प्रश्न साधा दिसतो, पण आमच्या धंद्याचा सगळा नफा त्यावर अवलंबून आहे. वर्षाची खरेदी आणि मजुरी खर्ची पडलेली असते आणि माल विकला गेलेला नसतो. साठा पाच लाखांनी कमी लिहिला की नफा पाच लाखांनी घटतो आणि कर कमी लागतो. दुसरीकडे बँकेला दर महिन्याला साठ्याचे पत्रक द्यायचे असते, आणि मर्यादेइतकी रक्कम उचलता यावी म्हणून तिथे साठा जास्त दाखवण्याचा मोह असतो. एकाच गोदामाचे असे दोन आकडे तयार होतात. मला मिळालेली उत्तरे अशी होती की त्यांतून माणूस पुरता कळे. एकाने सांगितले, नफा किती ठेवायचा ते तुम्ही सांगा, साठा आम्ही त्याप्रमाणे काढू. दुसऱ्याने बँकेच्या पत्रकाशी जुळेल असा दाखवण्याचा सल्ला दिला. बँकेचे पत्रक कशावरून तयार होते, हे त्याने विचारले नाही.

ते पत्रक कशावरून तयार होत होते, हे दिवाणजींना मी घरी आल्यावर विचारले. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “सूनबाई, साठा आपल्याकडे मोजल्या जात नाही, लिहिल्या जाते.”

शेजाऱ्याच्या फाइलवर जिचे नाव होते, त्या सीएचे कार्यालय धरमपेठेत एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे. स्वतः ती, एक मदतनीस सीए आणि दोन-तीन मुले एवढाच पसारा. माझ्यापेक्षा वयाने लहान असूनही तिच्या बोलण्यात आर्जव नव्हते. तिने फी सांगण्याआधी कारखाना पाहायचा आहे असे सांगितले, आणि एका शनिवारी दुपारी खरोखरच हिंगण्याला आली. साठ्याच्या प्रश्नावर तिचे उत्तर एका शब्दाचे होते: मोजायचा. मग तिने कसे ते सांगितले. पत्रा, मोटारी, पंप आणि पंखे खरेदीच्या किमतीने. अर्धवट तयार बॉडी तिच्यावर झालेल्या खर्चाने. तयार कूलर उत्पादन खर्चाने. आणि जे मागच्या वर्षीचे मॉडेल गंज धरून कोपऱ्यात पडले आहे, त्याची बाजारात जी किंमत येईल ती खर्चापेक्षा कमी असेल तर त्या किमतीने. हे शेवटचे ऐकून पती खूश झाले, कारण आजवर त्या कोपऱ्यातला मालही पूर्ण किमतीने लिहिला जात होता. साठा खरा मोजला तर कर वाढतोच, ही आमची समजूत होती. काही बाबतीत तो कमी होतो हे कोणी दाखवून दिले नव्हते.

कारखान्यात फिरताना तिने जे प्रश्न विचारले, ते मी नंतर वहीत लिहून ठेवले. कापलेल्या पत्र्याचे भंगार कोणाला विकता आणि त्याचे बिल होते का? पावडर कोटिंगसाठी बॉडी बाहेर जाते, तर तिच्याबरोबर डिलिव्हरी चलन जाते का, आणि जॉबवर्कला गेलेल्या मालाचे आयटीसी-०४ हे विवरण आजवर भरले आहे का? वॉरंटीत पंप बदलून देता, तो साठ्यातून कुठल्या नोंदीने जातो? एका डीलरकडून एका दिवसात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता का? या शेवटच्या प्रश्नावर दिरांनी खिडकीबाहेर पाहिले. तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम २६९एसटी प्रमाणे एका व्यक्तीकडून एका दिवसात २ लाख किंवा त्याहून अधिक रोख घेतली, तर घेतलेल्या रकमेइतकाच दंड होऊ शकतो, आणि हंगामात दोन टेम्पोंचा माल एकदम नेणारा डीलर ती सीमा नकळत ओलांडू शकतो. तेव्हापासून आमच्या गोदामाच्या भिंतीवर तशी सूचना लावलेली आहे.

तिची फी आम्ही देत होतो त्यापेक्षा बरीच जास्त होती. त्यावर घरात दोन मते होती आणि आजही आहेत. मी तिच्याकडून लेखी पत्र मागितले आणि तिने ते न कुरकुरता दिले. त्यात कोणती कामे मासिक फीत येतात, नोटिशीचे उत्तर वेगळ्या फीने कसे होईल, आम्ही पाच तारखेपर्यंत कागद दिले आणि तरीही मुदत चुकली तर विलंब शुल्क कोणाच्या माथी, आणि भरलेल्या प्रत्येक रिटर्नची प्रत आम्हाला कधी मिळेल, हे सगळे होते. नोंदी मात्र दिवाणजीच करतील आणि वह्या हिंगण्यालाच राहतील, असा आग्रह तिचाच होता. हे ऐकून सर्वांत जास्त हायसे दिवाणजींना वाटले. सीए बदलण्याच्या चर्चेत आपलीही गच्छंती आहे असे ते महिनाभर धरून चालले होते.

नवा सीए ठरला तरी जुन्याकडून सुटका ही स्वतंत्र मोहीम असते. जीएसटी पोर्टलवर आमच्या नोंदणीत मोबाइल क्रमांक आणि ईमेल आमचा नव्हता. २०१७ साली नोंदणी करताना सल्लागाराच्या कार्यालयातील एका कर्मचाऱ्याचा क्रमांक दिला गेला होता, आणि तो कर्मचारी नोकरी सोडून गेलेला होता. खात्याकडून येणारी प्रत्येक सूचना आणि ओटीपी त्या क्रमांकावर जात होती. लॉगिन हातात असते तर पोर्टलवरच दुरुस्ती करता आली असती. आमच्याकडे ते नसल्याने, आपण कोणत्या अधिकारक्षेत्रात आहोत हे पोर्टलवर पाहून संबंधित कर अधिकाऱ्याकडे अर्ज, भागीदारीपत्र आणि ओळखीचे पुरावे सादर करावे लागले. सिव्हिल लाईन्समधील कार्यालयात पडताळणी झाली आणि नवा मोबाइल व ईमेल नोंदवून लॉगिन आमच्या हाती आले. नव्या सीएने पहिल्याच दिवशी सांगितले की पासवर्ड तुमच्याकडेच राहू द्या, ओटीपी तुमच्या मोबाइलवर येऊ द्या; महिन्यातून दोनदा तिच्या कार्यालयातील मुलाला ओटीपी सांगण्याचा त्रास होतो, तो मला मान्य आहे. आयकराच्या पोर्टलवरही संपर्काची माहिती अशीच बदलून घेतली आणि तिला तिथे आमची सीए म्हणून जोडले.

जुन्या फाइल, टॅलीचा बॅकअप आणि मागच्या रिटर्नच्या प्रती परत घेताना थोडी टाळाटाळ झाली. जीएसटीचे हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवण्याची जबाबदारी आमची असते, सल्लागाराची नाही, असे पत्रात लिहिल्यावर खोकी आली. ऑडिट घेण्यापूर्वी आधीच्या ऑडिटरला लेखी कळवणे सीएंना बंधनकारक आहे, आणि आधीच्या ऑडिटची निर्विवाद फी थकलेली असेल तर नवे काम स्वीकारता येत नाही. म्हणून आम्ही न पाहिलेल्या त्या सीएंची बाकी फी आधी चुकती केली, तीही अर्थातच सल्लागारामार्फत.

२०२४ साली ३१ मार्च रविवारी आला, हा आमच्या नशिबाचा भाग. कारखाना बंद ठेवून मोजणी झाली; सीएच्या कार्यालयातील मुलगा आणि दिवाणजी पाटी घेऊन रांगारांगांतून फिरले, आणि हंगामाच्या तोंडावर एक दिवस माल न हलल्याबद्दल दिरांनी जे काही म्हणायचे ते म्हटले. दर वर्षी रविवार मिळणार नाही. त्यासाठी तिने मार्चमधल्या शेवटच्या सुटीला मोजायचे आणि तिथून ३१ तारखेपर्यंतची आवकजावक रजिस्टरवरून जुळवायची, अशी पद्धत लावून दिली आहे.

त्याच मार्चमध्ये बाजारात ४५ दिवसांच्या नियमाची घबराट होती. तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम ४३बी मध्ये आलेल्या नव्या तरतुदीनुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे देणे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत दिले नाही, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देण्याच्या वर्षातच वजा मिळतो. आम्ही देणेकरी होतो आणि घेणेकरीही. पत्रा देणारे आमचे पुरवठादार व्यापारी आहेत, त्यांना हा नियम लागत नाही. पावडर कोटिंगवाला आणि ताट्या बनवणारा यांना लागतो, कारण दोघांचीही उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी, नोंदणी आहे. तिने फेब्रुवारीतच सगळ्या पुरवठादारांकडून उद्यम प्रमाणपत्रे मागवायला लावली आणि त्या दोघांची बिले मार्चअखेरीपूर्वी चुकती करायला सांगितली. आमची स्वतःची उद्यम नोंदणी बिलावर छापावी की नाही यावर मात्र वाद झाला. छापली तर डीलरवर वेळेत पैसे देण्याचा दबाव येतो. पण शिवनीचा एक डीलर सरळ म्हणाला की मग मी नोंदणी नसलेल्याकडून माल घेईन. शेवटी आम्ही ती छापली आणि जुन्या डीलरांशी ४५ दिवसांचे लेखी करार केले. शिवनीचा डीलर त्या हंगामात आला नाही.

जीएसटीचे रिटर्न मासिक ठेवायचे की त्रैमासिक, हाही निर्णय झाला. ५ कोटींच्या आत उलाढाल असल्याने त्रैमासिक योजना आम्हाला खुली होती, आणि त्यात पहिल्या दोन महिन्यांची बिले वेगळ्या सुविधेतून चढवताही येतात. तिने हिशेब मांडून दाखवला की तसे करूनही दर महिन्याचे काम वाचत नाही, फक्त कराची शेवटची जुळवणी तीन महिन्यांनी होते, आणि हंगामात तीन महिने चूक दबून राहणे आम्हाला परवडणारे नाही. मासिकच ठेवले. दर महिन्याला २बी ची जुळवणी होऊ लागल्यावर मोटारींच्या एका पुरवठादाराने आपले रिटर्नच भरलेले नाही हे आम्हाला वेळेत कळले, आणि त्याच्या पुढच्या बिलातून कराची रक्कम आम्ही रोखली. छिंदवाड्याच्या डीलरने आमच्याशी जे केले, तेच.

तक्रारी नाहीत असे नाही. सप्टेंबरात तिचा फोन लागत नाही. कागद पाच तारखेला गेले नाहीत तर सहा तारखेला जो संदेश येतो, त्याचा सूर दिवाणजींना आवडत नाही. भंगाराचे बिल करायला लागल्यापासून भंगारवाला दर पाडून मागतो, आणि त्याचा दोष घरात माझ्यावर येतो. आता तिचे म्हणणे आहे की प्रत्येक कूलरला अनुक्रमांक द्यावा, म्हणजे वॉरंटीत गेलेले पंप आणि परत आलेली बॉडी यांचा माग लागेल. दिरांचे म्हणणे आहे की एप्रिलच्या गर्दीत क्रमांक लिहीत बसायला माणूस कुठून आणायचा. पतींनी यंदा फक्त मोठ्या मॉडेलवर क्रमांकाची पट्टी लावून पाहायचे ठरवले आहे, आणि बाकीचे हंगाम संपल्यावर जूनमध्ये बसून ठरेल.